बी.एस्सी. नर्सिंगला जायचंय? खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बारावीचा निकाल लागला की माझ्या फोनला उसंत नसते. चोपडा, शहादा, साक्री, यावल, धडगाव, सगळीकडून मेसेज येतात आणि त्यातले निम्मे प्रश्न तेच ते असतात. मी जळगाव जिल्ह्यातली. आधी वॉर्डात काम केलं, आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते. तेच प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तारखा आणि वेळापत्रक दरवर्षी बदलतं, ते नर्सिंगची प्रवेशपरीक्षा (सीईटी) घेणाऱ्या राज्याच्या सीईटी सेलच्या माहितीपुस्तिकेतूनच घ्या.

१. ताई, एएनएम, जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग यात फरक काय? तिन्ही नर्सच ना?

एएनएम दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे. उपकेंद्रावर लसीकरणाला, बाळंतपणाला ज्या सिस्टर दिसतात त्यांच्यातल्या बहुतेक या वाटेने आलेल्या असतात. जीएनएम तीन वर्षांची पदविका. बी.एस्सी. चार वर्षांची पदवी, आणि पुढे एम.एस्सी. करून शिकवायचं किंवा वरच्या पदावर जायचं तर तिचा रस्ता सरळ आहे. वॉर्डातली स्टाफ नर्स जीएनएमचीही असते, बी.एस्सी.चीही. पहिल्या दिवशी दोघींचं काम सारखंच असतं, हे कॉलेजचा माणूस तुम्हाला सांगणार नाही म्हणून मी सांगते.

२. पात्रता काय लागते?

बारावी सायन्स, त्यात भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र आणि इंग्रजी. एकत्रित किमान ४५ टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवारांना ४०. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरला वयाची १७ वर्षं पूर्ण हवीत. मुक्त विद्यालयातून म्हणजे एनआयओएसमधून हेच विषय घेऊन बारावी केली असेल तरी चालतं. हे नियम भारतीय नर्सिंग परिषदेचे आहेत, म्हणून कुठल्याही राज्यात गेलात तरी पाया हाच.

३. माझं बारावीला गणित होतं, बायो नव्हतं. बहीण आर्ट्सची आहे. आम्हाला काही वाट?

बी.एस्सी.ला नाही. जीवशास्त्र नसेल तर अर्ज पुढे सरकत नाही, आणि ‘मॅनेजमेंटमधून करून देतो’ म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. जीएनएमला मात्र इतर शाखांचे विद्यार्थीही घेतात. नंतर त्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. करता येतं. वाट लांब आहे, पण बंद नाही.

४. सीईटी कशी असते? जळगावला क्लास लावावा लागेल का?

परीक्षा संगणकावर होते. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. भौतिक, रसायन, जीव, इंग्रजी आणि नर्सिंग अॅप्टिट्यूड, प्रत्येकी २० प्रश्न. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, तेव्हा एकही प्रश्न कोरा सोडू नका. तरीही सोडून येणारी मुलं दरवर्षी भेटतात!

क्लासबद्दल माझं मत विचाराल तर बारावीची पुस्तकं नीट झाली असतील तर गरज नाही. आपल्याकडची मुलं जीवशास्त्रात बरी असतात आणि इंग्रजीच्या २० गुणांत मार खातात. क्लासच्या फीऐवजी रोज एक इंग्रजी उतारा वाचा.

एक मोठी गफलत मात्र टाळा. सीईटीचा अर्ज बारावीच्या निकालाच्या बराच आधी भरावा लागतो. ‘निकाल लागू दे, मग बघू’ म्हणणाऱ्यांचं वर्ष तिथेच जातं. आणि सीईटी दिली म्हणजे प्रवेशाला अर्ज झाला असं नाही. निकालानंतर केंद्रीय प्रवेशप्रक्रियेसाठी, म्हणजे कॅपसाठी, वेगळी नोंदणी असते. वेगळी फी, वेगळे कागद अपलोड आणि कॉलेजांचा पसंतीक्रम. चांगले गुण मिळवून ही नोंदणीच न केलेली शिरपूर तालुक्यातली एक मुलगी मला माहीत आहे. ती कॉलेजच्या फोनची वाट बघत बसली होती.

५. मी नीट दिली आहे. तिचे गुण चालतील का?

महाराष्ट्रातल्या कॅपला नर्सिंगची स्वतंत्र सीईटी लागते. नीट कामाला येते ती लष्करी परिचर्या सेवेच्या चार वर्षांच्या बी.एस्सी.साठी, जी पुण्याच्या एएफएमसी या लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयातही होते. ती फक्त मुलींसाठी आहे. ज्यांना फौजेची ओढ आहे त्यांनी दोन्ही परीक्षा द्याव्यात.

६. डिग्रीवर नाव कोणाचं येतं? बहिणाबाई विद्यापीठाचं ना?

नाही. जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ नर्सिंगची पदवी देत नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार कुठेही शिकलात तरी परीक्षा आणि पदवी नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची. पदवीनंतर महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदणी करावी लागते. ती झाल्याशिवाय नर्स म्हणून काम करता येत नाही. कॉलेज खरं आहे का, याची अर्धी परीक्षा इथेच होते: विद्यापीठाच्या संलग्न यादीत आणि कॅपच्या जागांच्या तक्त्यात नाव सापडलं पाहिजे.

७. गावात ‘एका वर्षात नर्स व्हा’ अशी पाटी आहे. तिथे घेऊ का अॅडमिशन?

त्या पाटीखाली बहुतेक वेळा रुग्णसहायकाचा छोटा कोर्स असतो. खासगी दवाखान्यात मदतनीस म्हणून काम मिळेल, पण परिषदेत नोंदणी होणार नाही. अशा ठिकाणी वर्ष-दोन वर्षं घालवून, पांढरा युनिफॉर्म घालून फोटो काढलेल्या मुली मग माझ्याकडे ‘आता पुढे काय’ विचारायला येतात. काय सांगू? पुन्हा प्रश्न २ पासून सुरुवात.

८. कागदपत्रं कोणती आणि कधीपासून जमवायची?

अकरावीपासून. दहावी-बारावीचे गुणपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास आणि राष्ट्रीयत्वाचा दाखला, वैद्यकीय तंदुरुस्तीचा दाखला हे सगळ्यांना लागतं. मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र. राखीव प्रवर्गात असाल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, आणि ओबीसी, एसईबीसी, विमुक्त-भटक्यांना नॉन-क्रीमी लेयर. त्या नॉन-क्रीमी लेयरवरची मुदतीची तारीख, सहसा ३१ मार्च, वाचून घ्या. गेल्या वर्षी दादाच्या वेळी काढलेला दाखला घेऊन येणारे पालक दर हंगामात भेटतात.

सेतूवर जूनमध्ये जी गर्दी होते ती तुम्हाला माहीतच आहे. सर्व्हर बंद, साहेब मीटिंगला, उद्या या. म्हणून दिवाळीच्या सुट्टीतच अधिवास काढून ठेवा.

नावातला फरक हे आपल्याकडचं जुनं दुखणं. दहावीच्या गुणपत्रकावर ‘भाऊराव’, आधारवर ‘भाऊसाहेब’, जातीच्या दाखल्यावर नुसतं ‘भाऊ’. तिन्ही एकच बाप, पण पडताळणी करणाऱ्याला तीन माणसं दिसतात. सोपा उपाय म्हणजे दहावीचं नाव प्रमाण माना आणि बाकीचे कागद त्याला जुळवून घ्या.

९. कॉलेज कसं निवडायचं? सगळ्यांचे माहितीपत्रक सारखेच छान दिसतात.

माहितीपत्रक बाजूला ठेवा आणि हॉस्पिटल बघायला जा. सगळ्यांत जास्त वेळ मी याच प्रश्नावर घालवते, कारण नर्सिंग वर्गात शिकून येत नाही, खाटेजवळ उभं राहून येतं. कॉलेजला किमान १०० खाटांचं स्वतःचं रुग्णालय लागतं, असा भारतीय नर्सिंग परिषदेचा निकष आहे. कागदावर ते असतंच. प्रश्न असा की त्या १०० खाटांवर पेशंट किती?

आधी न कळवता, साध्या कपड्यात, सकाळी दहाच्या सुमाराला जा. ओपीडीत रांग आहे का बघा. मेडिसिन वॉर्डात किती खाटा भरलेल्या आहेत मोजा. प्रसूती कक्ष चालू आहे का, महिन्याला किती बाळंतपणं होतात, हे तिथल्या आयाबाईला विचारा, ती खरं सांगते. मग वरच्या वर्गातल्या एखाद्या विद्यार्थिनीला गाठा आणि तीन गोष्टी विचारा: क्लिनिकलला, म्हणजे वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाला, कुठे पाठवतात, सोबत शिकवणारी मॅडम असते का, आणि लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाची नोंदवही, पेशंट बघून भरतात की हॉस्टेलवर बसून. शेवटच्या प्रश्नावर ती हसली तर समजून घ्या.

छोट्या खासगी हॉस्पिटलच्या कॉलेजात सर्वच वाईट असतं असं नाही. काही कॉलेजं मुलींना जिल्हा रुग्णालयात किंवा शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात पाठवतात. आता आपल्या तिन्ही जिल्ह्यांत शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे: धुळ्याचं भाऊसाहेब हिरे जुनं, जळगावचं आणि नंदुरबारचं अलीकडचं. तिथल्या वॉर्डात सापाचं विष, शेतातली विषबाधा, बाळंतपणातला रक्तस्राव, कुपोषित मूल, सिकलसेलचा पेशंट हे सगळं एका आठवड्यात दिसतं. पॉश इमारतीतल्या मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, हे शिकता येत नाही. पाठवतात का आणि किती दिवस, ते विचारा. प्रवास कोणाच्या खर्चाने, तेही.

१०. खान्देशच्या मुलांसाठी वेगळा कोटा असतो का?

विभागानुसार जागा वाटणारी ७०:३० पद्धत राज्याने २०२० मध्ये रद्द केली. तेव्हापासून गुणवत्ता यादी राज्यभराची एकच. नाशिक, पुणे, मुंबईची मुलं धुळ्याला येऊ शकतात आणि तुम्ही तिकडे जाऊ शकता. तेव्हा पसंतीक्रमात फक्त घराजवळचीच दोन नावं टाकून थांबू नका.

११. एक सर घरी आले होते. बंगळूरुला थेट अॅडमिशन, सीईटीची गरज नाही म्हणतात. खरं का?

कर्नाटकात चांगली कॉलेजं आहेत आणि तिथून शिकून आलेल्या कामात पक्क्या सिस्टर मी पाहिल्या आहेत. घरी येणाऱ्या ‘सरां’बद्दल मात्र सावध राहा. पैसे रोख मागतात का, पावती कॉलेजच्या नावाची आहे का, मूळ कागदपत्रं त्यांच्याच ताब्यात मागतात का, हे बघा. मूळ दाखले एजंटच्या हातात दिलेत की तुमचा पाय अडकला. तिथे शिकलात तर परत येऊन नोंदणी महाराष्ट्र परिषदेकडे आणण्याचा एक वेगळा खटाटोप आहे. शिवाय आपल्या राज्यातली फी-सवलत (प्रश्न १२) कॅपमधून आलेल्यांसाठी आहे. एजंटच्या हिशेबात हा आकडा कधी येत नाही.

१२. फी झेपेल का? मुलींना फुकट आहे असं ऐकलं.

खासगी कॉलेजची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, आणि ती प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर दिसते. त्याहून जास्त ‘डेव्हलपमेंट’ वगैरे नावाने मागितली तर पावती मागा.

२०२४-२५ पासून ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. अट अशी की प्रवेश कॅपमधून झालेला हवा. संस्थास्तरावरच्या किंवा मॅनेजमेंटच्या जागेला हे मिळत नाही. अनुसूचित जाती-जमातीच्या मुलामुलींना मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आधीपासून आहे, तिची उत्पन्नमर्यादा २.५ लाख. खुल्या प्रवर्गातल्या मुलांनी राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क योजना बघावी. सगळे अर्ज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर भरायचे, दरवर्षी नव्याने, आणि बँक खातं आधारला जोडलेलं हवं.

माफीत हॉस्टेल, मेस, युनिफॉर्म, पुस्तकं येत नाहीत. घरी हिशेब मांडताना हे धरा. आदिवासी विद्यार्थ्यांनी वसतिगृह मिळालं नाही तर स्वयंम योजनेची, अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांनी स्वाधारची चौकशी करावी.

१३. मी मुलगा आहे. गावात हसतात. घेऊ का?

घ्या. अभ्यासक्रम तोच, परीक्षा तीच, प्रसूतिशास्त्रही तेच शिकावं लागतं. अपघात विभाग, आयसीयू, मनोरुग्ण विभागात ब्रदरला फार मागणी असते. नोकरीत मात्र काही ठिकाणी जागांची विभागणी असते, एम्सच्या भरतीत महिला ८० टक्के आणि पुरुष २०. हे माहीत असून या. हसणारे तुमच्याकडेच बीपी मोजायला येतील, हा माझ्या वर्गातल्या एका पावरा मुलाचा अनुभव आहे.

१४. शाळा मराठी माध्यमाची, घरी अहिराणी. इंग्रजीतून शिकवतात, जमेल का?

पहिलं सत्र जड जातं, खोटं सांगत नाही. शरीररचना आणि शरीरक्रियाशास्त्राची पुस्तकं इंग्रजीत, शब्द लॅटिनमधून आलेले. बहुतेकींची गाडी दुसऱ्या सत्रात रुळावर येते. रोज दहा शब्द आणि त्यांचे उच्चार, एवढी एकच युक्ती.

उलट्या बाजूने बघा. अमळनेरची म्हातारी ‘मना पोटमा दुखस’ म्हणते तेव्हा पुण्याहून आलेली डॉक्टर तुमच्याकडे बघते. धडगावला भिली किंवा पावरी येणारी विद्यार्थिनी वॉर्डात असली की अर्धी केस हिस्ट्री तीच मिळवते. हे गुणपत्रकात येत नाही, पण ड्युटीवर कामाला येतं.

१५. चार वर्षांत नेमकं काय असतं? दिवस कसा जातो?

२०२१ च्या नव्या नियमांपासून आठ सत्रं आहेत. सुरुवातीला शरीरशास्त्र, मानसशास्त्र, पोषण आणि परिचर्येचा पाया. मधल्या सत्रांत औषधशास्त्र, विकृतिशास्त्र, प्रौढांची शुश्रूषा, मग बालरोग, मनोरुग्ण, समाज आरोग्य, प्रसूती. आठवं सत्र पूर्ण इंटर्नशिप, २२ आठवडे.

दिवस सकाळी लवकर सुरू होतो. वॉर्डात जाऊन बेड मेकिंग, टीपीआर (ताप, नाडी, श्वास मोजणं), औषधं, केअर प्लॅन. दुपारी वर्ग. समाज आरोग्याच्या वेळी गावोगाव. मे महिन्यात जळगावचं ऊन ४५ च्या आसपास असताना गृहभेटी करताना टोपी, पाणी आणि ओआरएस सोबत नसेल तर सिस्टरच पेशंट होते. पहिल्यांदा रक्त बघून चक्कर येते, पहिला मृत्यू बघून रात्री झोप लागत नाही. दोन्ही सर्वांना होतं. गप्प बसू नका, मॅडमला सांगा.

हजेरी ८० टक्के लागते, आणि पदवी हातात येण्याआधी क्लिनिकलची हजेरी १०० टक्के भरून द्यावी लागते. म्हणजे काकाच्या लग्नाची आठ दिवसांची सुट्टी नंतर वॉर्डातच फेडायची.

१६. नापास झाले तर वर्ष जातं का?

लगेच नाही. विषय मागे ठेवून पुढच्या सत्राच्या वर्गात बसता येतं. पण पाचव्या सत्राच्या परीक्षेआधी मागचं सगळं सुटलेलं हवं. लेखी आणि प्रात्यक्षिकात वेगवेगळे ५० टक्के लागतात, इंग्रजीसारख्या विषयाला ४०. जास्तीत जास्त आठ वर्षांत अभ्यासक्रम संपवावा लागतो.

१७. नोकरी कुठे लागते?

खासगी रुग्णालयात लगेच, पण आपल्या भागात सुरुवातीचा पगार कमी असतो, म्हणून मुली पुणे, सुरत, मुंबईला जातात. सरकारी वाटा: राज्याच्या आरोग्य आणि वैद्यकीय शिक्षण विभागात अधिपरिचारिका (स्टाफ नर्स), उपकेंद्रावर करारावर समुदाय आरोग्य अधिकारी, केंद्रात एम्सची नॉरसेट ही भरती परीक्षा. परदेशाचं म्हणाल तर अमेरिकेला एनसीएलईएक्स परीक्षा, जर्मनीला जर्मन भाषा. एजंटाबाबतचं प्रश्न ११ मधलं सगळं इथे दुप्पट लागू आहे.

१८. जात वैधता अजून आलेली नाही. अर्जाची पावती चालेल का?

चालेल असं धरून बसू नका. शासन कधी मुदत वाढवून देतं, कधी देत नाही, आणि वैधता नसली की नाव खुल्या प्रवर्गात जातं. अकरावी-बारावीतच कॉलेजमार्फत अर्ज टाका. पुराव्याची तारीख इथे महत्त्वाची: अनुसूचित जातीला १० ऑगस्ट १९५०, जमातीला ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त-भटक्यांना २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींना १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. आजोबा शाळेत गेलेच नसतील तर तहसीलच्या अभिलेखागारात गाव नमुना १४, म्हणजे कोतवाल बुकातली जन्म-मृत्यूची नोंद शोधा. घरात चुलत भावाला वैधता मिळालेली असेल तर ती आणि वंशावळ जोडा. काही जमातींची प्रकरणं आपल्याकडे वर्षानुवर्षं अडकतात, त्यांनी खुल्या प्रवर्गातून लागेल असं कॉलेजही पसंतीक्रमात ठेवावं.

१९. माझं लग्न झालं आहे. दाखले कोणत्या नावाने?

जातीचा दाखला माहेरच्या नावाने, वडिलांकडच्या पुराव्यावर. नॉन-क्रीमी लेयरलाही आईवडिलांची स्थिती बघतात, नवऱ्याची नाही. नाव बदललं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत ठेवा. आणि लग्न ‘ठरतंय’ अशा मुलींच्या आईवडिलांना: आठवं सत्र होऊ द्या हो. रात्रपाळी आणि नव्या सासरचा गणपती एकाच वेळी सांभाळता सांभाळता मुलगी दोन्हीकडून बोलणी खाते.

२०. मला रंग नीट ओळखता येत नाहीत. चष्माही आहे.

चष्म्याचा प्रश्नच नाही. रंगांधळेपणातही रंगसुधारक लेन्स किंवा चष्मा वापरणार असाल तर भारतीय नर्सिंग परिषदेच्या नियमांप्रमाणे पात्र आहात. पायाचं ४० ते ५० टक्के अपंगत्व असणाऱ्यांसाठी ५ टक्के राखीव जागांची तरतूद आहे. प्रवेश झाला की हिपॅटायटिस बीची लस लगेच सुरू करा. शून्य, एक आणि सहा महिने असे तीन डोस असतात आणि सुया हाताळायच्या आधी निदान दोन झालेले बरे.

२१. आमचं गाव नवापूर तालुक्यात, पण मी दहावी गुजरातला केली. महाराष्ट्राच्या कोट्यातून बसेल का?

हा प्रश्न नवापूर, तळोदा, शिरपूर आणि रावेरकडून हमखास येतो. नवापूरचं रेल्वे स्थानकच अर्धं गुजरातेत आहे, मग शाळेचं काय घेऊन बसलात! पण नियम गावाची सोय बघत नाही. राज्याच्या जागांसाठी अधिवास आणि त्यासोबत दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून, असं साधारण सूत्र आहे. सीमाभागाची जी सवलत तुम्ही ऐकली ती कर्नाटक सीमेवरच्या वादग्रस्त गावांची आहे. उच्छल, निझर, सेंधवा, बऱ्हाणपूरला शिकलेल्यांना ती लागू नाही. वडील राज्य किंवा केंद्र सरकारच्या नोकरीत बदलीवर असतील तर वेगळी कलमं आहेत, ती पुस्तिकेत शोधा. जातीचा दाखला गुजरातेतून काढलेला असेल तर तो इथे आरक्षणाला चालत नाही, मूळ गावच्या प्रांताधिकाऱ्यांकडून काढा. आणि घरात धाकटं भावंड आठवीत असेल तर त्याची शाळा आत्ताच इकडे आणायची का, ते ठरवा.